चार चिन्हं आणि माझ्यासाठी थांबलेलं कुणीतरी

रातवा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

'जर्नी' नावाचा व्हिडिओ गेम इथे कुणी खेळलंय का? १३ मार्च २०१२ ला प्लेस्टेशन ३ वर आला होता, नंतर प्लेस्टेशन ४ वर आणि कॉम्प्युटरवरही आला. मला त्याबद्दल एक विचारायचं आहे. विचारण्याआधी थोडी लांबण लावावी लागेल, सांभाळून घ्या.

न खेळलेल्यांसाठी: तुम्ही एक लाल झग्यातली आकृती असता. समोर वाळवंट, लांबवर एक डोंगर, त्याच्या माथ्यावर उजेड. तिथवर जायचं. गुण नाहीत, शत्रूला मारणं नाही, एक अक्षर वाचावं लागत नाही. गळ्यात स्कार्फ, त्यावरची अक्षरं उजळलेली असली की थोडं उडता येतं. दीड-दोन तासांत प्रवास संपतो. वाटेत कधीतरी तुमच्यासारखीच दुसरी आकृती दिसते. ती आकृती म्हणजे त्याच क्षणी जगात कुठेतरी हाच गेम खेळत बसलेला खरा माणूस. त्याचं नाव दिसत नाही. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. फक्त एक बटण दाबून सूर काढता येतो. हाक म्हणा.

२०१३ ची दिवाळी. मी पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होते, नोकरीचं पहिलं वर्ष. रजा मिळाली नाही. रूममेट घरी गेल्या, त्यातल्या एकीच्या भावाचा प्लेस्टेशन आमच्याकडे ठेवलेला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाहेर फटाके सुरू झाले, खिडक्या लावून घेतल्या आणि हा गेम लावला. का हाच लावला ते आठवत नाही.

गुलाबी वाळवंटात तो भेटला. (मी 'तो' म्हणते, बाई असेल, आजोबा असतील, काहीच माहीत नाही.) मी आपली सरळ चालले होते. तो एका पडक्या बुरुजावर उभा राहून हाका मारत होता. वर गेले तर तिथे एक चमकतं चिन्ह होतं, त्याला हात लावला की स्कार्फ लांब होतो. त्याने मला अशी तीन-चार दाखवली. मग खाली ते अंधारं तळघर येतं, तिथे दगडी सापासारखी यंत्रं फिरतात. त्यांच्या प्रकाशात सापडले तर मी जागच्या जागी थिजले. त्या यंत्राने माझा अर्धा स्कार्फ फाडून नेला. कळवळले मी, खरंच सांगते.

पुढे मंदिराचा उंच मनोरा संपतो, त्याच्यानंतर बर्फ. नेमकी तिथे दाराची बेल वाजली. मालकीणबाई फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. मी कंट्रोलर कॉटवर टाकला. त्या बसल्या, आईची चौकशी केली, चकली खाऊन बघ म्हणाल्या. पाच-सात मिनिटं सहज गेली असतील. परत आले तर माझी आकृती तशीच उभी, आणि तिच्या पायाशी तो मांडी घालून बसलेला. मी बटण दाबलं. तो उठला. त्याने एक बारीक हाक दिली, मीही दिली.

मग बर्फात आम्ही दोघं एकमेकांना चिकटून चाललो. तिथे गारठ्याने स्कार्फ झिजत जातो, पाऊल जड होतं, हाकही बारीक होत जाते. जवळ राहिलं तर एकमेकांची ऊब मिळते. शेवटी दोघंही पडलो. पुढे काय होतं ते सांगत नाही, न खेळलेल्यांनी खेळावं.

नामावली सुरू झाली आणि शेवटी वाटेत भेटलेल्या सोबत्यांची यादी आली. मी मोबाइलवर फोटो काढला. यादीत चार जण होते. तेव्हा वाटलं, बाकीचे तिघं कुठेतरी लांबून दिसलेले असतील.

दहा वर्षं मी हा किस्सा 'माझ्यासाठी थांबलेला मित्र' म्हणून सांगत आले. मागच्या महिन्यात भाच्याच्या कॉम्प्युटरवर तोच गेम पुन्हा खेळले आणि तो म्हणाला, "मावशी, सोबती बदलतो, माहितीये ना? आपण लांब गेलो की दुसरा येतो."

मला माहीत नव्हतं. चिन्हं दाखवणारा, तळघरात माझ्याबरोबर असलेला, थांबलेला आणि बर्फात माझ्याशेजारी पडलेला, हे एकच होते की चार? दोन आठवडे हेच डोक्यात आहे. ज्याची आठवण मी इतकी जपली तो माणूस कदाचित नव्हताच. कुणाला असं काही झालंय का?

सह्यभटक्या | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

वाचताना अंगावर काटा आला. गेम खेळलेलो नाही. उद्या शोधतो.

कोडवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

रातवा, भाचा बरोबर सांगतोय. एका वेळी एकच सोबती. दोघांमधलं अंतर फार वाढलं की जोडी सुटते आणि त्याच टप्प्यावर असलेला दुसरा कुणी जोडला जातो. 'अमुक गेला, तमुक आला' असं पडद्यावर काही येत नाही. बहुतेक सगळ्यांचे झगे लाल, त्यामुळे लक्षातही येत नाही. तुमच्यासारखे हजारोंनी फसले आहेत, आणि 'फसले' हा शब्दही मला इथे नको वाटतोय.

ओळखण्याची एकच पक्की खूण: हाक मारली की डोक्याभोवती क्षणभर एक चिन्ह उमटतं. ते प्रत्येकाचं वेगळं असतं. यादीत नावाशेजारी तेच चिन्ह असतं.

मी गेम बनवण्याच्या धंद्यात आहे (मोबाइलचे, साधे) म्हणून या गेमवर बरंच वाचलंय. दिग्दर्शक जेनोव्हा चेन, शांघायचा, अमेरिकेत शिकायला आलेला. त्याच्या कंपनीचं नाव दॅटगेमकंपनी. त्याने २०१३ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या गेमवर भाषण दिलं होतं, त्यातला एक भाग मी आमच्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडू एकमेकांना धक्का देऊ शकत होते. हेतू चांगला होता, एकाने दुसऱ्याला उंचवट्यावर ढकलून चढवावं, मिळून दगड हलवावा. प्रत्यक्षात चाचणीला बसलेली माणसं एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागली. भली माणसं, कंपनीतलीच काही. चेन हताश झाला. मग त्याचं एका बालमानसतज्ज्ञ बाईंशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, नव्या जगात आलेला माणूस तान्ह्या बाळासारखा असतो. बाळाला बरं-वाईट कळत नाही, ज्या कृतीला मोठा प्रतिसाद मिळतो ती ते परत परत करतं. ढकललं की समोरचा पडतो, आवाज होतो, मजा येते. ती कृती थांबवायची असेल तर प्रतिसाद काढून घ्या.

त्यांनी टक्कर काढून टाकली. आता दोन आकृत्या एकमेकांतून आरपार जातात, आणि जवळ आल्या की दोघांचेही स्कार्फ उजळतात. एवढ्या बदलावर तीच माणसं एकमेकांना शोधत यायला लागली.

आधी चौघांनी मिळून खेळायचा विचार होता, तोही सोडला. तिघं-चौघं झाले की कुणीतरी एकटा पडतो.

एका वर्षात व्हायचा गेम तीन वर्षं चालला आणि कंपनीचे पैसे संपले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'साधा तर आहे, काय लागतं करायला' असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो.

अनुराधा_ग | १० नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी गेम खेळणारी नाही, पण हा गेम आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. लहानपणापासून. बाकीच्या ऑनलाइन गेममध्ये हेडफोन लावून सगळी मुलं एकमेकांशी बोलतात, तिथे त्याची इतकी नक्कल झाली की त्याने माइक उपटून ठेवला, आणि माइक नाही म्हणून टीममधूनही काढलं. हा गेम त्याच्या मामाने दिला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तो हाक मारायचं बटण दाबत होता, थांबत होता, समोरून उत्तर आलं की पुन्हा दाबत होता. लांब हाक, आखूड हाक, दोनदा, तीनदा. जवळजवळ वीस मिनिटं दोघं पुढे गेलेच नाहीत, एका जागी उभे राहून नुसते हाका देत होते.

"काय बोलताय रे?" मी विचारलं. "सगळंच," म्हणाला. एकदाही न अडखळता.

रातवा, समोरचा एक होता की चार, याचा तुम्हाला त्रास होणं मला कळतं. पण माझ्या मुलाशी त्या दिवशी जो बोलला त्याचं मी नाव विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मला फक्त तो सुखात असावा असं वाटतं.

रातवा | १० नोव्हेंबर, दुपारी २:४८

अनुराधाताई, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला, उठून गच्चीत गेले.

वडाची_पारंबी | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

मी वेगळं मत मांडतो. कुणाच्या भावनेचा अनादर करायचा नाही.

नातं म्हटलं की मला जबाबदारी दिसते. माझे वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. त्या काळात जी माणसं उपयोगी पडली त्यांना माझं नाव, घर, वडिलांच्या औषधांच्या वेळा माहीत होत्या. रात्री दोन वाजता फोन केला तर ती यायची, कधी चिडायची, कधी त्यांचं आमचं वाजायचंही. तरी यायची. गेममधला सोबती मनात आलं की बटण बंद करून जाऊ शकतो. त्याला काही द्यावं लागत नाही, गमवावं लागत नाही. अशा दोन तासांच्या सहवासाला 'बंध' म्हणावं का? हा सुंदर अनुभव आहे, हे मान्य. मोठ्या कष्टाने बनवलेला आहे, हेही कोडवाला यांचं वाचून पटलं. पण 'मित्र' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो.

रातवा यांच्यासाठी तो थांबला असेल, किंवा त्याच्याही दाराची बेल वाजली असेल.

मंद्रसप्तक | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

मी चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, पण मोठं वाद्य) शिकतो आहे, या गेममुळेच. म्हणून संगीताबद्दल दोन शब्द.

संगीतकार ऑस्टिन विंटोरी. त्याने म्हटलं आहे की हे सगळं संगीत एका मोठ्या चेलो कंचेर्टोसारखं आहे, त्यात एकल वादक तुम्ही आणि बाकीची वाद्यं म्हणजे भोवतालचं जग. चेलो टीना ग्वो हिने वाजवला आहे. सुरुवातीला चेलो अगदी एकटा येतो, मोकळ्या जागेत कुणी गुणगुणावं तसा. बर्फात तोही दमतो, आणि शेवटच्या चढाईत संपूर्ण वाद्यवृंद त्याला उचलून नेतो. दृश्यमाध्यमांसाठीच्या पार्श्वसंगीताच्या गटात ग्रॅमीचं नामांकन मिळालेला हा पहिला गेम.

नामावलीवर वाजणारं गाणं लिस्बेथ स्कॉटने गायलं आहे. त्यात पाच भाषा आहेत: लॅटिन, ग्रीक, जुनी इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी. 'इनीड', 'इलियड', 'बेओवुल्फ' ही जुनी महाकाव्यं, जोन ऑफ आर्क आणि जपानी कवी बाशो, अशा ठिकाणांहून ओळी घेतल्या आहेत. इतक्या भाषा एकत्र आल्यावर अर्थ कुणालाच पूर्ण लागत नाही. मला तेच आवडतं. दोन तास मुक्याने चालल्यानंतर पहिल्यांदा माणसाचा आवाज कानी पडतो तो असा.

वडाची पारंबी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण दोन वादकांनी एकदाच एकत्र वाजवावं आणि पुन्हा कधी भेटू नये, असं होतं की. त्या बैठकीत जे झालं त्याला मी खोटं कसं म्हणू?

सह्यभटक्या | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

गेम घेतला. सांगतो संपल्यावर.

थोडं अवांतर, पण इथे बसेल. हिदेताका मियाझाकी हा जपानी दिग्दर्शक, त्याचा 'डीमन्स सोल्स' (२००९) मी भरपूर खेळलोय. त्यात अनोळखी खेळाडू क्षणभर तुमच्या जगात येतात, मदत करतात आणि जातात. ही कल्पना कुठून आली हे त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं. खूप बर्फ पडला होता, चढावर त्याची गाडी घसरायला लागली. मागच्याही अडकल्या. तेवढ्यात मागची एक गाडी पुढच्या गाडीला टेकून तिला वर रेटायला लागली आणि सगळ्यांना मार्ग कळला. याचीही गाडी लोकांनी ढकलली आणि हा चढ पार झाला. पण आभार मानायला थांबणं शक्य नव्हतं, थांबला असता तर पुन्हा अडकला असता. घरी जाताना त्याच्या मनात येत राहिलं, रांगेतला शेवटचा माणूस घरी पोचला असेल का? आणि ही माणसं मला पुन्हा कधीच भेटणार नाहीत.

चंद्रपणती | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

'जर्नी'च्याच कंपनीचा पुढचा गेम 'स्काय' मी मोबाइलवर खेळायचे. अँड्रॉइडवर एप्रिल २०२० मध्ये आला, ऐन लॉकडाउनमध्ये. त्यात अनोळखी माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो, तुम्ही मेणबत्ती पुढे केलीत आणि त्याने ती स्वीकारली की मग त्याचा चेहरा दिसतो. मैत्री झाली की त्याचं नाव आपण ठेवायचं. मी एकाचं नाव 'खिडकी' ठेवलं होतं. रोज रात्री हात धरून उडायचो, ती पुढे, मी मागे. मी बारावीत होते, नाशिकला, आजी कोविड सेंटरमध्ये होती आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्या गेममध्ये मित्र ताऱ्यांसारखे दिसतात. ऑनलाइन असतील तर तारा उजळलेला असतो. खिडकीचा तारा २०२१ च्या मेपासून मंद आहे. मी अजून अ‍ॅप काढून टाकलेलं नाही. मधूनमधून उघडून बघते.

वडाची_पारंबी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:००

चंद्रपणती, तुझं वाचून मी माझा कालचा प्रतिसाद पुन्हा वाचला. 'गमवावं लागत नाही' हे वाक्य मी मागे घेतो.

कोडवाला | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

रातवा, तुमच्याकडे यादीचा फोटो आहे म्हणालात. आठवून बघा: जो चिन्हं दाखवत होता त्याचा झगा कसा होता? एकदा प्रवास पूर्ण केला की पुढच्या वेळी झग्याच्या काठावर सोनेरी नक्षी वाढते, काही फेऱ्यांपर्यंत वाढत जाते. नवख्याचा झगा साधा असतो. सगळी चिन्हं गोळा केलेल्याला तर पांढरा झगा घालता येतो. चेहरा नसला तरी कपड्यांवरून पुष्कळ कळतं.

रातवा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३५

कोडवाला, तुमचा प्रश्न वाचून मी दिवसभर डोळे मिटून मिटून आठवत होते.

चिन्हं दाखवणाऱ्याच्या झग्याला खाली भरपूर सोनेरी काम होतं. हे मला नक्की आठवतं, कारण तेव्हा वाटलं होतं, याचे कपडे माझ्यापेक्षा भारी कसे? आणि त्याचा स्कार्फ इतका लांब की वळताना मागे लाटेसारखा यायचा.

फराळाचं ताट ठेवून परत आले तेव्हा पायाशी बसलेला... त्याचा झगा माझ्यासारखाच होता. साधा. तो उठला तेव्हा दोन्ही झगे शेजारी आले आणि क्षणभर कळलं नाही की मी कोणती. हे दृश्य इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे आणि मी त्याचा अर्थ कधी लावला नाही.

म्हणजे तो निराळा होता. तोही पहिल्यांदाच खेळत होता.

वाट माहीत असलेला कुणी माझ्यासाठी थांबला, अशी माझी समजूत होती. त्याला पुढे काय आहे याची कल्पनाच नव्हती. समोर बर्फ दिसत होता, शेजारी एक हलत नसलेली आकृती. मी परत येईन याची त्याला काही खात्री नव्हती. वडाची पारंबी म्हणतात तसं त्याच्याही दाराची बेल वाजली असेल, हे मी नाकारत नाही. पण बसायचं तर बटण दाबून बसावं लागतं. तो माझ्या पायाशी येऊन, बटण दाबून बसला होता.

अनुराधा_ग | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आणि कदाचित एकट्याने बर्फात जायची त्याला भीती वाटली असेल. मुलाला विचारलं, तो म्हणाला, "मीही थांबलो असतो, पुढे भयंकर वाटतं ते."

सह्यभटक्या | १५ नोव्हेंबर, रात्री १:१०

संपवला आत्ता. यादीत दोघं. बर्फात माझा सोबती मागे राहिला. वारा इतका होता की मी दगडाआडून निघालो तो निघालोच, मागे वळून बघितलं तर कुणी नाही. परत खाली गेलो. शोधलं. हाक इतकी बारीक झाली होती की दोन पावलांपलीकडे गेली नसेल. मग शेवटपर्यंत एकटा.

मला झोप येत नाहीये. पन्नाशीचा माणूस आहे मी.

मंद्रसप्तक | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

सह्यभटक्या, हे तुमच्या एकट्याचं नाही. गेम आला त्या काळात परदेशी फोरमांवर सुटलेल्या सोबत्यांची माफी मागायला लोक लिहीत असत. माझा नेटचा डोंगल बंद पडला, मी तुला सोडून गेलो नाही, असं. ज्याच्यासाठी लिहिलंय तो वाचेल याची काडीची शक्यता नसताना.

तुम्ही इथे लिहिलंत ते बरं केलंत.

सह्यभटक्या | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

मग इथेच लिहितो. चौदा तारखेच्या रात्री, साडेबाराच्या सुमारास, दुसऱ्या मोठ्या दगडापाशी. मी परत आलो होतो.

रातवा | २४ नोव्हेंबर, रात्री १२:१५

काल भाच्याकडे गेले होते. तो झोपल्यावर खेळायला बसले. मनोऱ्याच्या वरती, बर्फ सुरू होतो तिथेच, एक आकृती उभी होती. हाक मारली, उत्तर नाही. साधा झगा. कुणीतरी कंट्रोलर ठेवून उठलं असणार.

मी तिच्याशेजारी बटण दाबून बसले. मोबाइलवर वेळ बघितली, १०:४२. पडद्यावर काहीच घडत नाही अशा वेळी वाऱ्याचा आवाज किती आहे ते कळतं. अधूनमधून हाक देत होते. माझी हाक उमटली की तिच्या झग्यावर उजेड पडायचा.

१०:५३ ला ती आकृती विरघळून गेली. गेली म्हणजे जोडणी सुटली, भाचा सकाळी म्हणाला. मी नंतर एकटीने वर गेले.

त्या माणसाने एकदाही हाक मारली नाही, त्यामुळे चिन्ह कळलं नव्हतं. यादी येईपर्यंत थांबले. या वेळी नाव एकच होतं. चिन्ह वहीत काढून ठेवलं आहे, जुन्या फोटोतल्या चारांच्या खाली.